आर्मबारमध्ये टॅप करायला लाजू नका

'खरा पैलवान टॅप करत नाही. लॉक ताकदीने तोडता येतो, आणि दुखायला लागलं तरी सुटायला वेळ मिळतो. हेलिओ ग्रेसीचा हात मोडला, पण त्याने हार मानली नाही.' अशा आशयाचा मजकूर जुजित्सू शिकणाऱ्या पोरांमध्ये सध्या जोरात फिरतोय. टॅप म्हणजे हाताने थोपटून हार मान्य करणं, लॉक म्हणजे सांधा जखडणारी पकड, आणि हेलिओ ग्रेसी हा ब्राझिलियन जुजित्सूचा एक जनक. मागच्या आठवड्यात सतरा वर्षांचा एक मुलगा तो वाचून आमच्या मॅटवर आला आणि आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं ताणणाऱ्या लॉकमध्ये, हात पार ताठ झाला तरी दातओठ खात पडून राहिला. लॉक लावणाऱ्याने आपणहून सोडलं, म्हणून त्याचं कोपर वाचलं.

आधी ताकदीचं बघू. आर्मबार हा माझा सगळ्यात लाडका डाव. समोरच्याचं मनगट माझ्या छातीशी, अंगठा वर, दंड माझ्या मांड्यांमध्ये आवळलेला आणि कोपर ओटीपोटाखाली टेकलेलं. मग हाताने ओढायचं नाही, कंबर उचलायची. माझ्या पाठीची आणि मांड्यांची सगळी ताकद त्याच्या एकट्या कोपरावर येते. हात सरळ झाला की त्याच्या दंडाला जोर लावायला जागाच उरत नाही, मग तो दंड कितीही कमावलेला असो. सुटका आहे, पण ती त्याआधीची: दोन्ही हात एकमेकांत घट्ट अडकवून ठेवायचे, किंवा अंगठ्याच्या दिशेने अंग वळवत कोपर निसटवायचं. ती वेळ टळली की टॅप.

'दुखलं की कळेलच' हे तर सगळ्यात घातक. २००४ साली यूएफसी ४८ या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेत फ्रँक मिरने टिम सिल्वियाला आर्मबार लावला. हाड मोडताना पंच हर्ब डीनने पाहिलं आणि लढत थांबवली. सिल्विया मात्र मला काही झालेलं नाही म्हणून वाद घालत होता. हात खरंच मोडला होता! लढतीच्या भरात शरीर किती खोटं बोलतं, ते यातून समजावं.

हील हूक त्याहून वाईट. टाच कोपराच्या बेचक्यात धरून पाऊल पिळायचं, मांडी आपल्या पायांनी जखडायची. पीळ थेट गुडघ्यात जातो. कळ जाणवेपर्यंत लिगामेंट बहुधा फाटलेलं असतं. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जुजित्सू फेडरेशनने हा डाव २०२१ मध्ये खुला केला, तोही फक्त नो-गी (जाड अंगरखा न घालता खेळायच्या) प्रकारात, ब्राउन आणि ब्लॅक बेल्टच्या प्रौढांसाठी. दुखल्यावर वेळ मिळत असता, तर एवढी बंधनं कशाला?

'पैलवान' शब्दाबद्दल एवढंच: लाल मातीत निकाल चितपटीने लागतो, सांधा पिळून नाही. त्यामुळे पैलवान टॅप करत नाही याचा धाडसाशी संबंध नाही.

आता हेलिओ. २३ ऑक्टोबर १९५१, रिओचं माराकाना. जपानी जुदोपटू मासाहिको किमुराने त्याचा हात पाठीमागे पिळला, हात मोडला, तरी हेलिओ टॅप करेना. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. पुढचं वाक्य कुणीतरी गाळलंय: त्याचा भाऊ कार्लोसने टॉवेल टाकला आणि लढत हेलिओ हरला. हार त्याच्या वतीने भावाला मानावी लागली. हेलिओच्या जिद्दीला मी मनापासून मानतो, पण तालमीत सोबत्याशी रोल (सरावाची लढत) करताना टॉवेल टाकायला कुणी उभं नसतं. त्या डावाला ब्राझीलवाल्यांनी नाव दिलं ते जिंकणाऱ्याचं, किमुरा.

त्याच किमुरा डावाने २०११ साली टोरांटोत मिरने आंतोनियो रॉद्रिगो नोगेराचा दंड मोडला. नोगेराने टॅप केला, पण उशिरा. शस्त्रक्रिया झाली आणि पुढची लढत खेळायला दहा महिने लागले. ती पुढची लढत नोगेराने रिओत आर्मबारने जिंकली. तिथे समोरच्या डेव्ह हर्मनने टॅप केला.