एम१२ मोटरवे कुठेच जात नाही? नीट पाहू या

उत्तर आयर्लंडमधल्या एम१२ मोटरवेबद्दलचा एक दावा वारंवार शेअर होतो. लर्गन आणि पोर्टाडाऊन या दोन गावांच्या मध्ये वसवलेलं क्रेगॅव्हन हे नवं शहर फसलं, म्हणून त्याच्यासाठी बांधलेला हा मोटरवे 'कुठेच जात नाही'. पैसे संपले तिथे रस्ता तुटला, जंक्शनसुद्धा अर्धंच राहिलं. आणि शहर बुडालं ते 'ट्रबल्स'च्या, म्हणजे तिथल्या युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू पाहणारे) आणि नॅशनॅलिस्ट (आयर्लंडच्या एकीकरणाच्या बाजूचे) यांच्यातल्या दीर्घ संघर्षाच्या, हिंसाचारामुळे.

'कुठेच जात नाही' हे नकाशा न पाहता लिहिलेलं वाक्य आहे. बेलफास्टहून डंगॅननकडे जाणाऱ्या एम१ मोटरवेने पश्चिमेला निघा, जंक्शन ११ ला एम१२ वर वळा. दोन-अडीच किलोमीटरवर कार्न राउंडअबाउट येतो आणि मोटरवे संपतो. तिथेच कार्नची औद्योगिक वसाहत आहे. पुढे ए३, म्हणजे नॉर्थवे, पोर्टाडाऊनमध्ये उतरतो आणि तोच ए३ आर्माला जातो. बेलफास्ट-आर्मा वाहतुकीची ही रोजची वाट आहे. हा फाटा काढून टाकला तर ती गर्दी लर्गनच्या रस्त्यांवर किंवा लांबून जंक्शन १२ वर जाईल.

'जंक्शन अर्धं' हा आरोप जास्त पसरतो, कारण अर्धी गोष्ट खरी आहे. जंक्शन ११ वर फक्त बेलफास्टच्या बाजूच्याच मार्गिका आहेत: बेलफास्टकडून येणाऱ्याला एम१२ वर उतरता येतं आणि एम१२ वरून बेलफास्टकडेच चढता येतं. डंगॅननहून येणारा तिथे उतरू शकत नाही. पण हा चौक नव्हे, दुबेळकं आहे. एम१२ नैर्ऋत्येला जातो, एम१ पश्चिमेला. पोर्टाडाऊनहून डंगॅननला जाणाऱ्याने आधी ईशान्येला येऊन मग जवळजवळ उलटं वळायचं, हा उफराटा प्रवास कोण करेल? त्यांच्यासाठी एम१ वरच पुढे पश्चिमेला जंक्शन १२ आहे. इथे जादा मार्गिका आणि पूल बांधले असते तर ते बहुतेक रिकामेच राहिले असते. मात्र डंगॅननकडून येताना जंक्शन १२ चुकलं, तर पुढची बाहेर पडायची जागा थेट जंक्शन १०, म्हणजे लर्गन. नवख्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुळात इतक्या छोट्या तुकड्याला मोटरवेचा दर्जा कशाला, असंही विचारलं जातं. मोटरवेवर पादचारी आणि सायकली चालत नाहीत, कडेला घराचं फाटक किंवा दुकान उघडत नाही. क्रेगॅव्हनची आखणीच या विभागणीवर उभी होती: वेगवान गाड्यांचे रस्ते आणि राउंडअबाउट वेगळे, चालणाऱ्यांचे व सायकलवाल्यांचे मार्ग वेगळे, अनेक ठिकाणी रस्त्याखालून भुयारातून जाणारे.

पैशांचं म्हणाल, तर एम१२ १९७० मध्ये खुला झाला तेव्हा शहर उभारणारं विकास आयोग जोमात होतं. मोटरवे पोर्टाडाऊनला वळसा घालून पुढे नेण्याचा विचार मात्र कागदावर राहिला. तो ज्या लोकसंख्येच्या भरवशावर होता ती आलीच नाही. १९७२ मध्ये स्टॉरमॉन्टचं, म्हणजे उत्तर आयर्लंडचं स्वतःचं, सरकार निलंबित झालं, १९७३ मध्ये आयोगही गेलं. क्रेगॅव्हनच्या ब्राउनलो भागातले काही रस्ते खरोखर शेतात जाऊन थांबले, हे मान्यच आहे. पण तो दोष एम१२ च्या माथी मारता येत नाही.

राहिला हिंसाचार. त्याने मोठं नुकसान केलं, वाद नाही. पण शहराच्या जागेलाच विरोध त्याआधीचा आहे. स्कॉटलंडमधल्या कंबरनॉल्ड या नव्या शहराचं केंद्र रचणारे जेफ्री कॉपकट क्रेगॅव्हनचे मुख्य आखणीकार होते. त्यांनी १९६४ मध्येच राजीनामा दिला आणि हे शहर सोडून डेरी या जुन्या शहराचा विकास करा, असं जाहीरपणे सांगितलं. १९६५ मध्ये शहराला उत्तर आयर्लंडच्या पहिल्या, युनियनिस्ट पंतप्रधानांचं, लॉर्ड क्रेगॅव्हन यांचं नाव दिल्यावर नॅशनॅलिस्ट समाज आणखी दुखावला. बेलफास्टहून येणाऱ्या कुटुंबांना रोख मदत देऊनही घरं रिकामी राहिली. पुढे १९८३ मध्ये इथला गुडइयरचा मोठा कारखाना बंद पडला, तोवर मोटरवे सुरू होऊन तेरा वर्षं झाली होती.