पोशनची किंमत निम्मी? आधी हिशेब तर मांडू

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ. तो खेळवणाऱ्यांमध्ये एक सल्ला इतका फिरतो, की नवा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळवणारा) स्वतःचे फासे विकत घ्यायच्या आधी तो पाठ करतो. एकदा वापरून संपणारी जादूची वस्तू, म्हणजे पोशन (जादूचं औषध), स्क्रोल (मंत्र लिहिलेली गुंडाळी), तेलाची कुपी वगैरे, त्याच रॅरिटीच्या, म्हणजे दुर्मिळतेच्या दर्जाच्या, कायम टिकणाऱ्या वस्तूच्या निम्म्या किमतीला विका. झालं. सोबत कारणांची पुरचुंडी असतेच: नियमातच तसं आहे, रॅरिटी म्हणजे ताकद, त्यामुळे वेगळा विचार नको, स्वस्त केलं तर खेळाडू पोत्यानं पोशन नेतील, महाग असलं की माणूस जपून वापरतो, आणि त्या जगालाही मागणी-पुरवठा असतोच की.

मी ठाण्यात दर रविवारी एक टेबल चालवते. सुरुवातीचं दीड वर्ष मीही हाच नियम डोळे मिटून लावला होता. त्यामुळे हे चिडून लिहीत नाहीये, वही घेऊन लिहितेय. बरं, थोडं चिडूनही.

"नियमातच आहे."

आहे, नाकारत नाही. 2017 च्या झॅनाथारच्या, म्हणजे जादा नियमांच्या, पुस्तकात रॅरिटीप्रमाणे किमतीचे फासे दिलेत आणि पोशन-स्क्रोलसारख्या वस्तूला निम्मं करा असं म्हटलंय. 2024 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येही निम्मंच, फक्त तिथे फासे नाहीत, ठोक आकडे आहेत: कॉमन 100, अनकॉमन 400, रेअर 4,000, व्हेरी रेअर 40,000, लेजंडरी 2,00,000 गोल्ड, म्हणजे सोन्याची नाणी. पण "नियमात आहे" म्हणणारे ते वाक्य शेवटपर्यंत वाचत नाहीत. 2024 मध्ये मंत्रांचे स्क्रोल या निम्म्यातून वगळलेत, त्यांची किंमत लिहिण्याच्या खर्चावरून काढायची आहे. म्हणजे ज्यांनी नियम लिहिला त्यांनाच तो सरसकट लावायचा धीर झाला नाही.

2017 चं तर आणखी मजेशीर. कॉमन वस्तूसाठी सहा बाजूंचा एक फासा टाकायचा, त्यात 1 मिळवायचा, गुणिले 10. किंमत 20 ते 70 गोल्ड. निम्मी केली की 10 ते 35. आता त्याच पुस्तकात साधं हीलिंग (जखमा भरणारं) पोशन बनवायचा खर्च दिलाय: 25 गोल्ड आणि एक दिवस. फाशावर 1, 2 किंवा 3 पडला तर बनवणाऱ्याला ते पदरचे पैसे घालून विकावं लागेल, 4 पडला तर दिवसभराची मेहनत फुकट. वाचवतं काय, तर खेळाडूंच्या पुस्तकात त्या पोशनची किंमत 50 गोल्ड अशी आधीच छापलेली आहे म्हणून. सगळ्यात जास्त खपणारी वस्तू, आणि तीच नियमाबाहेर.

आणि निम्मंच का? याच खेळाच्या जुन्या आवृत्त्यांनी हा हिशेब फार वेगळा मांडला होता. 2003 ची साडेतीन आवृत्ती घ्या. मंत्राची लेव्हल गुणिले कास्टर लेव्हल (मंत्र टाकणाऱ्याची लेव्हल), आणि त्याला एक गुणक: स्क्रोलला 25, पोशनला 50, 50 चार्जच्या, म्हणजे 50 वेळा चालणाऱ्या वाँडला (जादूच्या कांडीला) 750, आणि नुसता शब्द उच्चारला की हवं तितक्या वेळा चालणाऱ्या वस्तूला 1,800. म्हणजे पहिल्या लेव्हलच्या मंत्राचं पोशन 50 गोल्डला आणि तोच मंत्र जन्मभर देणारी वस्तू 1,800 ला. एकास छत्तीस. वस्तू दिवसातून एकदाच चालणारी असेल तर 1,800 भागिले 5, म्हणजे 360. तरीही सात पोशनांहून थोडं जास्तच. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलची कायमची वस्तू 1,000 गोल्डला होती आणि त्याच लेव्हलचं हीलिंग पोशन 50 ला. एकास वीस.

साडेतीनमध्ये "निम्मं" होतं, पण वेगळ्या कामाला: वस्तू स्वतः बनवली तर खर्च निम्मा, आणि सापडलेली वस्तू विकली तर निम्मे पैसे. तिथला निम्मा इथे येऊन चिकटला असावा, असा माझा संशय आहे.

एकास दोनचा अर्थ इतकाच, की दुसऱ्यांदा वापरली की कायमची वस्तू वसूल. लोकलच्या एका फेरीचं तिकीट महिन्याच्या पासाच्या निम्म्या किमतीला लावा आणि बघा खिडकीवर कोण उभं राहतंय ते.

"रॅरिटी म्हणजे ताकद."

या एका वाक्याने सगळ्यात जास्त घोळ घातलाय. 2014 च्या पुस्तकात उडायच्या दोन वस्तू बघा. पंखांचे बूट: अनकॉमन, चार तासांपर्यंत उडा, मग बाजूला ठेवले की आपोआप पुन्हा भरतात. उडायचं पोशन: व्हेरी रेअर, एक तास उडा, संपलं. 2017 च्या दराने बूट 100 ते 600 गोल्ड. पोशन, निम्मं करूनसुद्धा, 10,000 ते 25,000. स्वस्तात स्वस्त पोशनच्या पैशात महागात महाग बुटांचे सोळा जोड येतात. अख्खी पार्टी, म्हणजे पात्रांची टोळी, उडेल, घोडेही उडतील.

हे एखाद-दुसरं उदाहरण उकरून काढलेलं नाही. हीलिंग पोशनची पूर्ण चळत घ्या, 2024 च्या आकड्यांनी, निम्मं करून. साधं: 50 गोल्डला सरासरी 7 एचपी (पात्राचा जीव मोजायचे गुण). ग्रेटर: 200 ला 14. सुपीरियर: 2,000 ला 28. सुप्रीम: 20,000 ला 45. एका एचपीला साधारण 7 गोल्ड, मग 14, मग 71, मग 444. पोशन जितकं वरचं तितका सौदा वाईट. सुप्रीमच्या पैशात साधी 400 पोशनं येतात, 2,800 एचपींची.

वरचं पोशन एकाच घोटात जास्त भरतं, म्हणून थोडे जास्त पैसे घेणं मला मान्य आहे. लढाईत एक घोट म्हणजे एक पाळी. पण साठपट?

"स्वस्त केलं तर पोत्यानं नेतील."

हा मुद्दा खरा आहे आणि त्याला इतिहास आहे, म्हणून जरा थांबू. तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे 2000 पासून ज्यांनी खेळलंय त्यांना क्युअर लाइट वून्ड्स या जखमा भरणाऱ्या मंत्राचं वाँड आठवत असेल. 750 गोल्ड, 50 चार्ज, प्रत्येक चार्जला सरासरी साडेपाच एचपी. एकूण 275 एचपी, एका एचपीला पावणेतीन गोल्डही नाहीत. प्रत्येक लढाईनंतर क्लेरिक (टोळीतला पुजारी) ते वाँड काढणार आणि टकटक करत सगळ्यांना पुन्हा ठणठणीत करणार. दहाव्या लेव्हलच्या पात्राकडे साधारण 49,000 गोल्डची मालमत्ता असावी असं तेच पुस्तक सांगत होतं. त्यात 750 म्हणजे दीड टक्का. आमच्या एका जुन्या टेबलावर त्या वाँडला "झंडू बाम" म्हणायचे.

पण रोग कुठला होता? वाँड स्वस्त होतं, हा नव्हे. किंमत काढताना मंत्राची लेव्हल आणि कास्टर लेव्हल यांचा गुणाकार व्हायचा, आणि परिणाम मात्र पायरीपायरीने वाढायचा. त्याच्या वरचं क्युअर मॉडरेटचं वाँड 4,500 गोल्डला 600 एचपी द्यायचं, एका एचपीला साडेसात. त्याच्या वरचं 11,250 ला 925, एका एचपीला बारा. म्हणून कितीही श्रीमंत झालात तरी खरेदी तळातल्याच वाँडची. वरच्या वस्तू महाग होत्या म्हणूनच खालची पोत्यानं गेली. आज निम्म्याचा नियम नेमकं तेच करतो, वरच्या चळतीत पाहिलंच आपण. पोत्यांची भीती दाखवून जो नियम विकला जातो, तोच पोती भरायला लावतो.

दुरुस्ती ज्यांनी केली त्यांनी किमतीला हातच लावला नाही, वापराला लावला. 2019 च्या पाथफाइंडर या भावंड खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत वाँडचे 50 चार्ज गेले, दिवसातून एकदा मंत्र, बस. आणि लढाईनंतर जखमा बांधायचं काम बिनपैशाच्या वैद्यकी कौशल्याकडे आलं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीत पोशन प्यायलं की तुमच्याच शरीरातला एक हीलिंग सर्ज खर्च व्हायचा. पोतं भरून न्या, सर्ज संपले की बाटल्या नुसत्या खुळखुळणार.

पाचव्या, म्हणजे 2014 पासूनच्या आवृत्तीतही असा लगाम आहे, आपण तो बघत नाही. 2014 च्या नियमाने पोशन प्यायला पूर्ण अॅक्शन, म्हणजे त्या पाळीतली मुख्य कृती, जाते. समोर ओगर नावाचा राक्षस आहे. त्याच्या सोट्याचा एक फटका सरासरी 13. तुम्ही तलवार चालवायची सोडून 7 एचपी प्यायलात. त्याचा पुढचा फटका लागला की 6 ने खाली. बरं, लढाई संपल्यावर प्यावं, तर तासभर टेकलात की हिट डाइस नावाचे फासे टाकून काही एचपी फुकट आणि रात्रभर झोपलात की सगळंच फुकट. मग ते पोतं कधी रिकामं होणार? 2024 मध्ये पोशन बोनस अॅक्शनवर, म्हणजे त्याच पाळीतल्या छोट्या जादा कृतीवर, आणलं. कित्येक टेबलांवर ते आधीपासून तसंच चालत होतं. ही ढिलाई खरोखर मोठी आहे, आणि तुमच्या टेबलावर ती लागू असेल तर साधं पोशन 50 ऐवजी 60-70 ला विकायला माझी हरकत नाही. चर्चा करायची तर ही करावी.

"महाग असलं की जपून वापरतात."

जपून ठेवतात. वापरत नाहीत. आमच्या पहिल्या कॅम्पेनच्या शेवटच्या रविवारी फायटर खेळणाऱ्या मैत्रिणीचा कॅरेक्टर शीट मी उचलून बघितला. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली यादी: सुपीरियर हीलिंग दोन, अग्निरोधक एक, जायंट स्ट्रेंथ एक, वेग वाढवणारं एक, आणि एकाच्या पुढे नुसतं "?? (निळं)". ड्रॅगनने तिला दोनदा आडवं केलं होतं. विचारलं, अगं प्यायली का नाहीस? म्हणाली, "एवढं महागाचं, म्हटलं खरंच गरज पडेल तेव्हा काढू." शोकेसमधल्या काचेच्या कपबश्या. पाहुणे येऊन जातात, चहा स्टीलच्या पेल्यातच होतो. आणि तो आगीचा ड्रॅगन होता, हे सांगायचं राहिलंच.

चूक तिची नव्हती. तिची जवळपास पाच सेशनची कमाई मी एका बाटलीला लावली होती.

मागणी-पुरवठ्याचं फार ताणत नाही, कारण तो युक्तिवाद करणारे सहसा मजुरीचं पान उघडत नाहीत. कुशल कारागिराला दिवसाला 2 गोल्ड, बिनकौशल्याच्या मजुराला 2 सिल्व्हर. सुपीरियर पोशनला 1,000 गोल्डचं साहित्य आणि पाच दिवसांचे तीन आठवडे लागतात. कारागिराची मजुरी धरली तर 1,030. आणि दुकानात 2,000. बाजार खरंच चालत असता तर शेजारच्या गल्लीत दुसरं दुकान निघून किंमत 1,200 वर यायला सहा महिनेही लागले नसते. आणि ते 1,000 गोल्डचं साहित्य तरी कुठल्या हिशेबाने, जेव्हा चार साध्या पोशनांच्या 28 एचपीला साहित्य 100 चं लागतं? हे आकडे बाजारातून आलेले नाहीत, खेळाच्या सोयीसाठी कुणीतरी ठरवलेत. मग आपणही सोयीनेच ठरवावेत.

मी आता असं करते. हीलिंगसाठी 50 ला 7 हे माप धरायचं आणि एका घोटात जास्त मिळतं म्हणून वर थोडं चढवायचं. ग्रेटर 120, सुपीरियर 300, सुप्रीम 600. बाकी वस्तूंना एकच प्रश्न: हेच काम पार्टी दुसऱ्या कुठल्या मार्गाने करेल आणि त्याला काय पडेल? फ्लाय हा तिसऱ्या लेव्हलचा मंत्र, त्याचा स्क्रोल लिहायला 2017 च्या दराने 500 गोल्ड, आणि तो दहा मिनिटं चालतो, तेही एकाग्रता टिकली तर. पोशन तासभर, एकाग्रतेची कटकट नाही. म्हणून 750. पंखांचे बूट माझ्याकडे 600 ला मिळत नाहीत, ते 6,000 ला आहेत, आठ पोशनांएवढे. तिथे चुकीची किंमत बुटांचीच होती. आणि नवव्या लेव्हलचे स्क्रोल दुकानात नाहीतच. ती वस्तू किमतीने आवरत नाही, ती गोष्टीतच यावी.

सगळं बसलंय असा दावा नाही. अदृश्य व्हायच्या पोशनची किंमत मी तीनदा बदलली आहे आणि आता पुन्हा बदलावी लागणार, कारण आमच्या रोगला, म्हणजे चोराचं पात्र खेळणाऱ्या मुलाला, त्या पोशनचं व्यसन लागलंय. पण बाटल्या रिकाम्या होताहेत. मागच्या रविवारी त्यानेच 750 मोजून उडायचं पोशन घेतलं, जकात वसूल करणाऱ्याच्या मनोऱ्यात खिडकीतून शिरायला. वीस मिनिटांत काम उरकलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, अजून चाळीस मिनिटं आहेत ना? मनोऱ्यावरच्या त्या घंटेचं वजन किती असेल?"