‘ते वेगळं होतं’

गेल्या रविवारी आमच्या अभ्यासमंडळात भांडण झालं. खरंच भांडण. आवाज चढले, एक जण चहा अर्धा टाकून निघून गेला. आम्ही सगळे डावेच. कुणी युनियनमधून आलेलं, कुणी समाजवादी घरातलं, दोन-तीन कॉलेजातली मुलं. विषय होता संपत्ती कर. 2015 च्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला. 2019 च्या सप्टेंबरात कंपन्यांवरचा कर 30 टक्क्यांवरून 22 वर आणला. वारशाने मिळणाऱ्या मालमत्तेवरचा कर तर 1985 मध्येच गेला होता. हे परत आणायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग एक तरुण साथी म्हणाला, "परत आणायचं तर हातात सत्ता हवी. आणि सत्ता आल्यावर काही दिवस कुणाचं तोंड बंद करावं लागलं, तर करावं. नागरी स्वातंत्र्य हा शेवटी मध्यमवर्गाचा विषय आहे. उपाशी माणसाला भाकरी लागते, भाषण नाही."

मला तिथे नीट उत्तर देता आलं नाही. रडू येईल अशी भीती वाटली. म्हणून इथे लिहितेय. लांबेल, पण त्याने आणि त्याच्यासारख्या सगळ्यांनी पूर्ण वाचावं अशी विनंती आहे.

1975 साली मी सात वर्षांची होते. इंदूरच्या रामबागेत आमचा वाडा, आठ बिऱ्हाडं, एक नळ. बाबा मिलमध्ये साच्यांवर, युनियन लाल झेंड्याची. समोरच्या दोन खोल्यांत एक काका आणि त्यांची आई राहायचे. काका तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचे, संघाचे स्वयंसेवक. बाबांचा आणि त्यांचा रोज नळावर वाद व्हायचा. बादल्या भरून वाहायला लागायच्या, तरी वाद संपायचा नाही. आई ओरडायची तेव्हा दोघं पाणी उचलायचे.

जुलैत एका पहाटे पोलीस आले आणि काकांना घेऊन गेले. मिसा, आणीबाणीत वापरलेला अंतर्गत सुरक्षेचा कायदा. कशासाठी धरलं ते सांगायचं बंधन नाही, कोर्टापुढे उभं करायचं बंधन नाही. काका सुटले थेट 1977 च्या सुरुवातीला.

आता जे लिहायचं आहे ते लिहिणं मला सोपं नाही. बाबा ज्या पक्षाला मानत होते त्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा आणीबाणीला पाठिंबा होता. सगळ्या डाव्यांचा नव्हता. मार्क्सवादी पक्ष विरोधात होता, समाजवादी तर तुरुंगातच होते. मधु लिमये आपल्याच मध्य प्रदेशातल्या तुरुंगात होते. लोकसभेची मुदत संपूनही ती वाढवली गेली, तेव्हा त्यांनी आणि जबलपूरचे खासदार शरद यादव यांनी तुरुंगातून राजीनामे पाठवले. पण आमच्या घरात पक्षाची भूमिका होती की हे उजव्या प्रतिगामी शक्तींविरुद्धचं पाऊल आहे. आई रोज रात्री माझ्या हाती झाकलेलं ताट देऊन समोरच्या आजींकडे पाठवायची. बाबा ते बघायचे आणि पेपरात डोकं घालायचे. युनियनच्या एकाही सभेत त्यांनी काकांचं नाव काढलं नाही. पुष्कळ वर्षांनी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मला वाटलं, ती माणसं वेगळी. आपल्याला कोण हात लावतंय?"

हात लागायला तीन महिनेसुद्धा लागले नाहीत. सप्टेंबर 1975 मध्ये वटहुकूम निघाला आणि किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला. 8.33 हा आकडा बाबांना पाठ होता, कारण तो म्हणजे बाराव्या भागाचा हिशोब: वर्षाला एक महिन्याचा पगार. तो अर्ध्याच्याही खाली गेला. एरवी असं झालं असतं तर मिलच्या फाटकावर सभा झाली असती, भोंगा वाजूनही कुणी आत गेलं नसतं. त्या वर्षी काहीही झालं नाही. संप करायची सोय नव्हती, सभेला परवानगी नव्हती, आणि पेपरात छापून येण्याचा प्रश्नच नव्हता. मला त्या वर्षीची दिवाळी आठवते ती आईने जुन्या साडीतून शिवलेल्या फ्रॉकमुळे. वीसकलमी कार्यक्रमात वेठबिगारी बंद करण्याचा कायदा आला, तो चांगला होता, ते नाकारत नाही. पण ज्या कामगाराच्या नावाने तोंडं बंद केली, त्याच कामगाराचा बोनस सगळ्यात आधी कापला गेला, आणि ओरडायला त्याच्याकडे तोंड उरलं नव्हतं.

भाकरी आधी की भाषण आधी, हा प्रश्नच त्या दिवाळीपासून मला खोटा वाटतो. आमच्या घरची भाकरी भाषणातून आली होती. फाटकावरच्या भाषणातून. इंदूरच्या मिलकामगारांना पगारवाढ, बोनस, आठ तासांची पाळी कुणी प्रेमाने दिली नाही. कामगार नेते होमी दाजी 1962 मध्ये या शहरातून काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले, ते मिलच्या वस्त्यांमधल्या सभांच्या जोरावर. त्या सभांना परवानगी नसती तर?

28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धसुद्धा कोर्टात दाद मागता येत नाही. त्या खटल्याचं नावच एडीएम जबलपूर. आपल्या राज्यातल्या एका अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याचं पद देशाच्या न्यायाच्या इतिहासात असं कोरलं गेलं. विरोधात उभे राहिले एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना, आणि पुढे त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश केलं गेलं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत रद्द ठरवायला 2017 उजाडलं.

नागरी स्वातंत्र्य मध्यमवर्गाचं म्हणणाऱ्या माझ्या साथीला मला 1950 सालाची गोष्ट सांगायची आहे. प्रजासत्ताक चार महिन्यांचंही झालं नव्हतं. व्यक्तिस्वातंत्र्याचा पहिला मोठा खटला सर्वोच्च न्यायालयात आला तो कुणाचा? ए. के. गोपालन यांचा, प्रतिबंधक स्थानबद्धतेत अडकवलेल्या कम्युनिस्टाचा. ते हरले. त्यानंतर आठवडाभरात, 26 मे 1950 ला, एकाच दिवशी दोन निकाल आले. एक ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या साप्ताहिकाचा, त्याच्या प्रवेशावर मद्रास सरकारने बंदी घातली होती. दुसरा ‘ऑर्गनायझर’ या संघाच्या साप्ताहिकाचा, त्याच्यावर दिल्लीत छापण्याआधीची सरकारी तपासणी लादली होती. दोघंही जिंकले, आणि एकाच तर्काने जिंकले. माझ्या बाबांचं आणि समोरच्या काकांचं म्हणणं, एकाच दिवशी, एकाच न्यायालयाने उचलून धरलं. वाड्यातल्या नळावर दोघांना हे कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती आली. तिच्यात दोन गोष्टी एकत्र होत्या. जमीनदारी रद्द करणाऱ्या कायद्यांना संरक्षण, आणि भाषणस्वातंत्र्यावर ‘सार्वजनिक सुव्यवस्थे’ची नवी मर्यादा. जमीनदारी जायलाच हवी होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपण डावे त्यातली जमिनीची बाजू अभिमानाने सांगतो आणि दुसऱ्या बाजूवर बोलत नाही. त्या दुसऱ्या बाजूचा वापर पुढची सत्तर वर्षं सर्वांत जास्त आपल्यावरच झाला. केरळमध्ये 1957 साली निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार 31 जुलै 1959 ला दिल्लीने बरखास्त केलं, हे आपण विसरत नाही, विसरूही नये. मग 14 मार्च 2007 चं नंदीग्रामही विसरायला नको. ज्या डाव्या आघाडीने बंगालमध्ये लाखो बटाईदारांची नावं दप्तरी लावून घेतली, त्याच आघाडीच्या पोलिसांनी जमीन वाचवणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. 14 माणसं गेली. 2019 च्या नोव्हेंबरात कोळिकोडमध्ये दोन विद्यार्थ्यांना युएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली पकडलं, तेही डाव्या सरकारच्याच पोलिसांनी, आणि ती मुलं मार्क्सवादी पक्षाचीच कार्यकर्ती होती. हे मंडळात काढलं की उत्तर ठरलेलं: ते वेगळं होतं, परिस्थिती वेगळी होती.

बाबांच्या पक्षाबद्दल एक गोष्ट मी अभिमानाने सांगते. 1978 मध्ये भटिंड्याच्या अधिवेशनात पक्षाने मान्य केलं की आणीबाणीला पाठिंबा देणं चूक होती. आपल्या देशात असं म्हणणारे पक्ष मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील.

मग 1991. हे वर्ष माझ्या पिढीच्या इंदूरकरांच्या अंगावर आहे. जुलैत उदारीकरणाचा तो अर्थसंकल्प. 28 सप्टेंबरला भिलाईत कामगार नेते शंकर गुहा नियोगींना झोपेत गोळी घातली. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होतं आणि नियोगी आम्हाला आपले वाटायचे. आणीबाणीत तुरुंग भोगलेला माणूस, खाणकामगारांच्या वर्गणीतून दल्ली राजहराचं शहीद हॉस्पिटल उभं करणारा. आणि 12 डिसेंबरला इंदूरची हुकुमचंद मिल बंद पडली. 5,895 कामगार.

त्यांच्या देण्याचा 224 कोटींचा धनादेश निघाला 25 डिसेंबर 2023 ला. बत्तीस वर्षांनी. धनादेश देण्याचा समारंभ झाला, बातम्या आल्या, ठीक आहे. पण मला विचाराल तर ते पैसे समारंभाने आणले नाहीत. बत्तीस वर्षं म्हातारी होत जाणारी माणसं एकत्र जमत राहिली, वर्गणी काढत राहिली, कोर्टाच्या तारखांना जात राहिली. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या बंद मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, त्यांनी थांबू दिल्या नाहीत. साचे भंगारात गेले तरी मिलचं नाव रस्त्यावरून रात्रभर फिरत राहिलं. जमणं, बोलणं, दाद मागणं, रस्त्यावर येणं: नागरी स्वातंत्र्य म्हणतात ते याशिवाय दुसरं काय? कापड तयार होणं थांबलं तेव्हा त्यांच्याकडे हेच एक हत्यार उरलं होतं.

काका आता पंचाहत्तरीला आले. आम्ही वेगवेगळ्या कॉलन्यांत राहतो, पण दसऱ्याला सोनं द्यायला मी जाते. मिसाबंदी म्हणून त्यांना शासनाचा सन्मान निधी मिळतो. तो मिळायलाच हवा, दीड वर्ष तुरुंगात काढलंय त्यांनी. पण आदिवासींच्या हक्कांसाठी लढणारे फादर स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 ला युएपीएखालच्या कोठडीत असतानाच हॉस्पिटलमध्ये वारले, 84 वर्षांचे, कंपवाताने पेला धरता येत नव्हता म्हणून नळीचा पेला मागणारे, तेव्हा मी काकांकडे गेले होते. म्हटलं, काका, खटला उभा राहिलेला नाही, युएपीएच्या 2008 च्या दुरुस्तीमुळे जामीन जवळजवळ अशक्य, हे तुमच्यासारखंच नाही का? काका म्हणाले, "आमचं वेगळं होतं गं. आम्ही देशासाठी गेलो होतो."

मी घरी येऊन खूप वेळ बसून राहिले. बाबांचंच वाक्य होतं ते.

महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै 2025 मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्यात ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या’ संघटना असे शब्द आहेत. काकांना त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. पण उद्या ‘कडव्या उजव्या’ असं लिहून असाच कायदा आला, तर आमच्या मंडळातले किती जण विरोध करतील? मी त्या रविवारी हे विचारलं, तेव्हाच तो चहा अर्धा राहिला.

आणि हे सगळं जुनं नाही. माझा भाचा ॲपवर जेवण पोचवायचं काम करतो. एका फेरीचे पैसे कमी केले तेव्हा तो आणि वीसेक मुलं एका चौराह्यावर गाड्या लावून दोन तास ऑफलाइन बसली. दुसऱ्या दिवशी सहा जणांचे आयडी बंद. पत्र नाही, सुनावणी नाही, बोलायला माणूस नाही. भाचा म्हणाला, "मावशी, आजोबांना निदान फाटक तरी होतं." कायद्याने तो ‘गिग कामगार’ आहे, सामाजिक सुरक्षेच्या संहितेत त्याचं नाव आहे, पण किमान वेतन त्याला लागू नाही. ज्यांना कामगार म्हणून मानलं जातं त्यांचीही वाट अरुंद झालीय: नव्या औद्योगिक संबंध संहितेत कुठल्याही कारखान्यात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. शहरात धरणं द्यायचं तर परवानगी. डिसेंबर 2021 पासून इंदूरला पोलीस आयुक्तालय आहे, म्हणजे जमावबंदी लावणार पोलीस आणि ती मोडली म्हणून धरणारही पोलीस. पूर्वी मधे निदान एक दंडाधिकारी असायचा.

संपत्ती कर आणायचाय ना? या मुलांना जमू द्या, बोलू द्या, मग ती मागतील. त्यांचं तोंड बंद करून त्यांच्यासाठी आणलेला कर दुसरा कुणीतरी एका वटहुकमाने काढून टाकेल, आणि तेव्हा ओरडायला कुणी नसेल. हे मी पुस्तकातून सांगत नाही, आमच्या घरच्या बोनसवरून सांगतेय.

आयडी बंद केलेल्या मुलांसाठी एक दिवसाच्या धरण्याचा अर्ज आम्ही तयार केलाय. त्यावर शहरातल्या ज्येष्ठ लोकांच्या सह्या घेतोय. परवा तो घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. विचारलं, "लाल झेंडे असणार का?" मी म्हटलं, असणार. काकूंनी पोहे आणले, ते खाऊन झाले, तरी कागद त्यांच्या मांडीवरच होता. निघताना म्हणाले, "राहू दे इथे, बघतो."

उद्या संध्याकाळी तो आणायला जाणार आहे.