खुर्चीची पाठ काटकोनात लॉक करायला सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘ऑफिसची खुर्ची घेण्याआधी हे वाचा’ या मथळ्याचा एक मजकूर सगळीकडे फिरतोय. सार असे: पाठ न टेकता कंबर आणि गुडघे काटकोनात ठेवून ताठ बसा, टेकून बसलात तर स्नायू दुबळे होतात, गादी जितकी जाड तितकी खुर्ची चांगली, गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्च्या फुटतात, म्हणून चार पायांचीच घ्या. हे वाचून माझ्या भाचीने तिच्या चांगल्या खुर्चीची पाठ सरळ लॉक करून टाकली. आता दुपार झाली की तिची कंबर धरते.

सगळ्यात घातक मुद्दा काटकोनाचाच आहे. मांड्या 90 अंशांत दुमडल्या की मांडीमागचे आणि नितंबाचे स्नायू ताणले जातात, कमरेखालचा हाडांचा सांगाडा मागे कलतो आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. तो बाक टिकवायचा तर पाठीच्या स्नायूंना अखंड आवळून राहावे लागते. ते थकतात आणि माणूस पुढे पोक काढतो. ‘ताठ बसा’ म्हणणाऱ्याला शेवटी मिळते ते हे पोकच.

2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांनी 22 निरोगी व्यक्तींचे बसलेल्या स्थितीत एमआरआय काढले होते: पोक काढून, 90 अंशांत ताठ, आणि पाठ मागे कलवून 135 अंशांत. मणक्यांमधल्या चकत्या सर्वाधिक सरकलेल्या दिसल्या त्या ताठ बसण्यात, सर्वांत कमी 135 अंशांत. अभ्यास छोटा आहे आणि त्यात दुखणे मोजलेले नाही, पण काटकोन ‘आदर्श’ म्हणण्याला त्यातून जराही आधार मिळत नाही.

135 अंशांत टायपिंग होत नाही, हे उघड आहे. कामासाठी 100 ते 110 अंश पुरतात, कारण तेवढ्यानेही धडाचा काही भार खुर्चीच्या पाठीवर जातो. त्यासाठी टिल्ट लॉक (पाठ एका जागी अडकवणारी कळ) काढा आणि बैठकीखालचा ताणाचा नॉब फिरवा. मागे रेलल्यावर पाठ हळूच सोबत यावी. ती धपकन मागे गेली तर ताण वाढवा, पुढे ढकलत असेल तर कमी करा. खुर्ची घेताना मागे रेलून पाहा. साध्या टिल्टमध्ये बैठकही तेवढीच कलते, गुडघे वर येतात आणि टाचा सुटतात. सिंक्रो टिल्टमध्ये पाठ साधारण दोन अंश झुकते तेव्हा बैठक एकच अंश, त्यामुळे पाय जमिनीवर राहतात. पैसे घालायचे असतील तर या यंत्रणेत घाला.

स्नायूंना व्यायाम हवा, एवढे खरे. पण तासन्‌तास आवळून ठेवणे हा व्यायाम नव्हे. त्यासाठी उठून चालावे लागते.

जाड गादीचे काय? जाडीपेक्षा फोमची घनता महत्त्वाची. घनमीटरला 45-50 किलोच्या आसपासचा साच्यात ओतून बनवलेला फोम बराच काळ टिकतो. हलका फोम लवकर बसतो आणि खालची फळी टोचू लागते. बैठक पुढून मागे किती लांब आहे तेही बघा: पाठ टेकून बसल्यावर तिची पुढची कड आणि गुडघ्यामागची पोटरी यांत दोन-तीन बोटांची जागा राहिली पाहिजे. बैठक त्याहून लांब असेल तर माणूस पुढे सरकून बसतो आणि कमरेचा आधार वाया जातो.

गॅसच्या खुर्चीबद्दल अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. खुर्ची वरखाली करणारा बैठकीखालचा सिलिंडर निकृष्ट असेल तर तो फुटून अपघात झालेले आहेत. पण ते विरळा. नेहमीचा बिघाड म्हणजे सील झिजून खुर्ची आपोआप खाली बसणे, आणि सिलिंडर बदलला की तो प्रश्न सुटतो. आत दाबाखालचा नायट्रोजन असतो, म्हणून सिलिंडर कधीही उघडू, तापवू किंवा त्याला भोक पाडू नका. नवा घेताना त्यावरची ‘क्लास 4’ ची खूण पाहा. हा जड वापरासाठीचा मजबूत प्रकार असतो. उलट चार पायांच्या खुर्चीत उंची बदलताच येत नाही, त्यामुळे कुणाचे पाय लोंबतात तर कुणाचे गुडघे छातीकडे येतात. आणि चाकांची खुर्ची घेणार असाल तर तळाला पाच पायच हवेत. चार असले तर बाजूला झुकल्यावर ती सहज कलंडते. चाके मात्र जमिनीप्रमाणे निवडा: फरशीवर मऊ पॉलियुरेथेनची, गालिच्यावर कडक नायलॉनची.