हमालांना जमलं ते आपल्याला का नको?

पुण्यातल्या आमच्या भाषांतरकार-डिझायनर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात आठवडाभर एकच वाद चालू आहे: फ्रीलान्सरांची संघटना काढावी की नाही. एकाने लिहिलं, "वर्गणी भरा, अध्यक्षांचे सत्कार करा. आपण काय हमाल आहोत का युनियन करायला?" त्यावर भराभर अंगठे पडले. इथे नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये ते वाचून माझं डोकं फिरलं, ते अजून शांत झालेलं नाही.

माझ्या ब्रोडफॉन्ड्सबद्दल, म्हणजे आजारपणात एकमेकांना सांभाळणाऱ्या इथल्या फ्रीलान्सरांच्या निधीबद्दल, गटात लिहिलं की लगेच उत्तर येतं, "तुमच्या युरोपात काय, सगळं मिळतं." यात सरकार एक सेंट घालत नाही. झेडझेडपी, म्हणजे एकट्याने धंदा करणारा स्वयंरोजगारी, आजारी पडला तर त्याला पगार देणारा मालक इथेही नसतो आणि खाजगी विम्याचे हप्ते अनेकांना झेपत नाहीत, म्हणून २००६ साली काही स्वयंरोजगारी लोकांनीच हे सुरू केलं. वीस ते पन्नास जणांचा गट. प्रत्येकजण दरमहा स्वतःच्याच खात्यात ठरलेली रक्कम बाजूला टाकतो आणि कोणी आजारी पडलं की सगळ्यांच्या खात्यांतून थोडे थोडे पैसे त्याच्याकडे भेट म्हणून जातात. भिशी चालवणाऱ्या कुठल्याही मावशीला हे पाच मिनिटांत कळेल.

खर्च आहेच. दोन वर्षांनंतर मदत थांबते. सभांना जावं लागतं, दुखणं चारचौघांत सांगावं लागतं. व्यावसायिक संघटनेची वर्गणी वेगळी. आणि वर्गणी भरली म्हणून दर वाढतात असंही नाही: स्वतंत्र व्यावसायिकांनी मिळून किमान दर ठरवले तर स्पर्धा कायदा आडवा येतो. डच वाद्यवृंदांतल्या बदली वादकांच्या खटल्यात २०१४ साली युरोपीय न्यायालयाने खऱ्या स्वयंरोजगारींना तो कायदा लागू आहे असंच सांगितलं. २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने एकट्याने काम करणाऱ्यांना काही सवलत दिली.

गटातलं रोजचं दुःख मात्र दरांपेक्षा रखडलेल्या बिलांचं आहे. त्यासाठी भारतात २००६ पासून कायदा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, असेल तर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. दाद मागायला परिषदही आहे. पण एकटा माणूस तिथे जात नाही, कारण पुढचं काम तुटेल. इथे माझं एक बिल रखडलं तेव्हा पत्र संघटनेच्या वकिलाने लिहिलं. भांडण माझ्या अंगावर आलं नाही आणि त्या कंपनीचं काम मी अजूनही करते.

आता हमाल. एका हमालाचे दिवसाला दहा मालक, अगदी आपल्यासारखेच. तरीही बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली. १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरीबरोबर लेव्हीही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक टक्केवारी, व्यापाऱ्याला माथाडी मंडळाकडे भरावी लागते आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मिळते. ज्या 'कष्टाची भाकर'मध्ये आपण कॉलेजात असताना स्वस्तात पोटभर जेवलो, ती याच पंचायतीची. १९९३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचक बायांनी पंचायत काढली आणि पुढे 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना या माणसांच्या रांगेत बसायची लाज वाटते, एवढंच त्या वाक्याच्या मुळाशी आहे. मला त्याची चीड येते.

ब्रोडफॉन्ड्समध्ये आतल्या कोणी ओळख दिल्याशिवाय घेत नाहीत. डच बोलत होते, कर भरत होते, पण माझ्यासाठी शब्द टाकणारं बरीच वर्षं कोणी नव्हतं. शेवटी सुतारकाम करणाऱ्या शेजारणीने टाकला. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या खात्यात पन्नास-पन्नास युरो येत राहिले, प्रत्येक रकमेपुढे एक नाव, आणि त्यातल्या निम्म्या लोकांशी मी जेमतेम बोलले होते. पुण्यात मला जीव लावणारी कितीतरी माणसं आहेत, पण कामाच्या बाबतीत मी तिथे कायम एकटीच होते. इतकं मिळूनही या देशात मला घरच्यासारखं वाटत नाही. म्हणूनच पुण्याच्या त्या व्हॉट्सॲप गटातून मी बाहेर पडत नाही. पुण्यात संघटना निघाली तर पहिली वर्गणी माझी घ्या. फक्त पावतीवर देणगीदार लिहू नका, सभासद लिहा.