नुसतं वाजवून बघून ट्यूब अँप घेऊ नका, भाऊ (परभणीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर)

परभणीकर भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचली. लांबलचक आहे म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सेकंडहँड ट्यूब अँप (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर) घेताना काय काय तपासायचं ह्या माझ्या पोस्टवर भाऊंचं म्हणणं असं, की मी उगं लोकांना घाबरवायलोय. गिटार लावायची, पंधरा मिनिटं वाजवायची, टोन आवडला की पैसे द्यायचे, ट्यूब खराब निघाली तर नवी टाकायची, विषय संपला. मल्टीमीटर-बिल्टीमीटर हे पुण्या-मुंबईवाल्यांचे चोचले, आपल्याकडं असला अँप उघडून बघणारा मेकॅनिक तरी कुठंय. आणि शेवटी लिहिलंय की हैदराबादला मार्शल कंपनीच्या जेसीएम 800 चं शंभर वॅटचं हेड (म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अँप) बघून ठेवलंय, लवकरच जाऊन आणणार.

मेकॅनिक नाही हे एकदम खरंय, त्यावर माझा काहीच वाद नाही. पण माझं म्हणणं तिथूनच तर सुरू होतं ना. मुंबईवाल्यानं डोळे झाकून घेतला आणि बिघडला तर तो रिक्षात टाकून कुणाकडं तरी नेतो. आपण घेतला आणि बिघडला तर तो कपाटावर जाऊन बसतो, वर्षानुवर्षं. मग तपासायची गरज जास्त कुणाला?

आता ट्यूबचं. ट्यूब हीच त्यातली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. ती सॉकेटमधून निघते, कुरियरनं येते, चार पैसे जातात पण काम होतं. 2022 ला रशियानं एक्सपोर्ट अडवला तेव्हा भाव चढले होते हे मान्य, तरी स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीच्या आहेत, चीनच्या आहेत, मिळतात. मिळत नाही ते ट्रान्सफॉर्मर. लाखाच्या घरातला अँप घेताना तुम्ही खरे पैसे मोजता ते त्या लोखंडाचे आणि तांब्याचे. आपल्याकडं प्रत्येक तालुक्याला मोटर वायंडिंगवाला आहे, विहिरीतली जळालेली मोटर दोन दिवसांत भरून देतो, त्यामुळं लोकांना वाटतं की ट्रान्सफॉर्मर काय, भरून घेऊ. पॉवर ट्रान्सफॉर्मर एखादा हुशार माणूस भरेलही. पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधे (ट्यूब आणि स्पीकरच्या मधला तो) प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकमेकांत आलटून पालटून घातलेले असतात, प्रायमरीवर चारशे-साडेचारशे व्होल्ट, थरांमधे बारीक इन्सुलेशन, आणि टोनचा मोठा भाग तिथंच ठरतो. ते मोटरवाल्याचं काम नव्हं, त्यात त्याची काही चूक पण नाही.

आणि हा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मरतो कसा? स्पीकर न लावता अँप चालू करून जोरात वाजवला की, नाहीतर स्पीकर एका ओमचा आणि अँपचा सिलेक्टर भलत्याच ओमवर, असा गोंधळ केला की. बऱ्याचदा लगेच मरत नाही, आतल्या आत इन्सुलेशन जळतं आणि मग गरम झाल्यावर आवाज बसायला लागतो. तुमच्या पंधरा मिनिटांत हे दिसणारच नाही. पाऊण तास तरी वाजवा, त्यातली वीस मिनिटं चांगल्या मोठ्या आवाजात, शेजारी ओरडले तर ओरडू द्या, एक दिवस ओरडतील. शेवटी शेवटी आवाज दबायला लागला, किंवा हम (मागचा घूंऽऽ आवाज) वाढत गेला, किंवा वार्निश जळल्यासारखा वास आला, तर हात जोडून निघायचं. आणि जायच्या आधी फोन करून विकणाऱ्याला सांगा की मी येईपर्यंत अँप चालू करू नका. थंड अँप चालू करताना जे कळतं ते गरम करून ठेवलेल्यात कळत नाही.

त्याच्याही आधी मागची पट्टी बघा. 230 व्होल्ट लिहिलंय का 120? अमेरिकेतनं कुणाच्या तरी भाच्यानं आणलेले अँप भरपूर फिरतात. मार्शलच्या बऱ्याच हेडला मागं व्होल्टेज सिलेक्टर असतो, तो कुठं आहे ते स्वतः बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. अँप 120 चा असेल आणि सिलेक्टर नसेल तर 230 चे 120 करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आलाच, आणि तो पट्टीवर लिहिलेल्या वॅटच्या दीडपट तरी घ्यायचा. त्यात पुन्हा 60 हर्ट्झसाठीच बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या 50 हर्ट्झवर जास्त तापतो, व्होल्टेज बरोबर असलं तरी. तो तासाभरानं हाताला किती चटका देतो हे बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

फ्यूजचं मी पोस्टमधे एका ओळीत लिहिलं होतं, त्यावर तुम्ही हसलात. तर ऐका. जालन्यात एकाकडं असंच एक हेड बघायला गेलो होतो, दिसायला एकदम नवं, टॉलेक्सवर (बाहेरच्या रेक्झिनवर) ओरखडा नाही. प्लग काढला, मागच्या फ्यूज होल्डरचं टोपण फिरवून बाहेर ओढलं तर काचेचा फ्यूज होता पण जळून काळा झालेला, आणि त्याच्यावरनं तांब्याच्या वायरीची एक तार, दोन्ही टोपीला वेढे देऊन गुंडाळलेली. मालक म्हणतो, "लाइट सारखी येजा करती, फ्यूज सारखा उडायचा, म्हणून कायमचा बंदोबस्त केला." आवाज? आवाज झकास होता! पण फ्यूज सारखा उडत होता म्हणजे आत काहीतरी सारखा जास्त करंट ओढत होतं, आणि आता ते अडवणारं मधे कुणीच नव्हतं. मी चहा पिऊन परत आलो.

चालू केल्यावर खोलीतला लाइट कमी करून मागून ट्यूबा बघा. आतली बारीक केशरी लाली म्हणजे हिटर, ते ठीक. काचेजवळ निळसर झाक, ती पण बहुतेक वेळा ठीक, लोक उगं घाबरतात. पण मधला राखाडी पत्रा, म्हणजे प्लेट, तीच लालबुंद व्हायला लागली तर ताबडतोब बंद. आणि काचेवर, बहुतेक शेंड्याला, जो चांदीसारखा चकचकीत डाग असतो तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर त्या ट्यूबमधे हवा शिरलीय, ती गेली. प्रीअँपच्या (गिटारचा आवाज आधी वाढवणाऱ्या, लहान) ट्यूबवर पेन्सिलीनं हळूच टकटक करायची, थोडा टिंग आवाज चालतो, घंटेसारखं घुमायला किंवा शिट्टी मारायला लागली तर ती बदलायची. हे सगळं मागून पेन्सिल पोचत असेल तरच. चासी (आतला पत्र्याचा डबा) उघडून आत बोट घालायचं नाही म्हणजे नाही. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमधे चारशे व्होल्ट साठून राहू शकतात, माणूस जातो.

आणि "नवी ट्यूब टाकली की झालं" हे तुमच्या जेसीएमच्या बाबतीत तर अजिबातच नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच जेसीएम 800 मधे ईएल34 ऐवजी 6550 ह्या वेगळ्या पॉवर ट्यूबा होत्या. त्यातला एखादा फिरत फिरत हैदराबादला आला असेल आणि त्यात कुणी बायस (काही वाजत नसताना ट्यूबमधून किती करंट वाहायचा त्याचं सेटिंग) न बदलता ईएल34 खुपसल्या असतील तर? ईएल34 ची प्लेट 25 वॅट सोसते, आपण सत्तर टक्के धरतो म्हणजे साडेसतरा, प्लेटवर 460 व्होल्ट असतील तर एका ट्यूबमागं 38 मिलिअँपियरच्या आसपास. हे मोजून सेट करावं लागतं, कानानं होत नाही. व्हॉक्स एसी30 सारख्या कॅथोड बायसवाल्याला (त्यात बायस आपोआप ठरतो) ही भानगड नसते, तुमच्याला आहे. तेव्हा विकणाऱ्याला सरळ विचारा: शेवटचा बायस कुणी केला, किती ठेवला. त्याला सांगता आलं नाही तर कुणीच केलेला नाही असं धरून भाव करा.

अजून एक. "सगळे ओरिजनल कपॅसिटर आहेत" असं कुणी छाती फुगवून सांगितलं तर खूश होऊ नका. ओरिजनल ट्रान्सफॉर्मर, ओरिजनल स्पीकर, ही कौतुकाची गोष्ट. चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणजे खर्चाची यादी. ढोबळ हिशोब असा की तापमान दर 10 डिग्री वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय तापमान असतं ते तुम्हाला मी कामून सांगू. सगळे व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ऐका. तरीही जाडसर हम येत असेल तर दोष पॉवर सप्लायकडं नाहीतर पॉवर ट्यूबांत. व्हॉल्यूम वाढवल्यावर हम वाढत असेल तर प्रीअँपकडं किंवा अर्थिंगकडं.

आता तो पुण्या-मुंबईचा मल्टीमीटर. अहो, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात काही शे रुपयांत मिळतो, परभणीत पण मिळतो. त्यानं अँप न उघडता दोन गोष्टी होतात. प्लग काढून ठेवायचा, ओमवर लावायचा, एक टोक प्लगच्या अर्थच्या जाड पिनला, दुसरं मागच्या चासीच्या उघड्या स्क्रूला. एक ओमच्या आत यायला पाहिजे. काहीच आलं नाही तर कुणीतरी हम घालवायला अर्थ कापलाय, आणि तो अँप तुमच्या गिटारच्या तारांतून तुम्हाला करंट देऊ शकतो. दुसरं, स्पीकरच्या कॅबिनेटची (कॅबची) केबल अँपमधून काढून तिच्या टोकावर मोजायचं: 16 ओमचा कॅब साधारण 12-13 दाखवतो, 8 ओमचा 6-7. मग मागचा ओमचा सिलेक्टर त्याच आकड्यावर आहे का बघा. एवढ्यावरनं समजतं की मालक अँप नीट वापरत होता की नाही.

घरी आणल्यावरचं तर अजून वेगळंच. गावाकडं संध्याकाळी मोटरी सुरू झाल्या की 190 व्होल्ट, मध्यरात्री 250. ट्यूबच्या हिटरला 6.3 व्होल्ट पाहिजेत, 190 वर त्याला सव्वापाचच मिळतात, मग लोक म्हणतात टोन मेला. आधी चांगला स्टॅबिलायझर घ्या, आणि बोर्डातल्या अर्थच्या भोकाला खरंच वायर आहे का ते इलेक्ट्रिशियनला दाखवा, निम्म्या घरांत नसती. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर अँप लावूच नका. बरेच दिवस बंद पडून असलेला अँप असेल तर पहिल्यांदा मोटर वायंडिंगवाल्याच्याच सिरीज बोर्डवर (करंट आधी बल्बमधून जाऊन मग अँपला मिळतो तो) लावा, 200 वॅटचा पिवळा बल्ब टाकून. बल्ब भपकन लागून मंद झाला तर ठीक, तसाच लखलखीत राहिला तर आत शॉर्ट आहे. बघा, आपल्याकडं मेकॅनिक नाही म्हणता, अर्धा मेकॅनिक तर कोपऱ्यावरच बसलाय.

येताना देवगिरी एक्सप्रेसनं या, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकू नका. ट्यूबा काढून, कुठली कुठल्या सॉकेटची ते चिकटपट्टीवर लिहून, कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत घ्या. हेड वीसेक किलोचं असतं, त्यातलं बरंचसं वजन ट्रान्सफॉर्मरचं, त्यामुळं उभं-आडवं आपटलं की चासीचे बोल्ट ढिले होतात. आणि जाताना स्वतःची स्पीकर केबल घेऊन जा. बरेच जण हेड आणि कॅबच्या मधे गिटारचीच केबल लावून वाजवतात, तिची आतली तार बारीक असते, वाजवता वाजवता तुटली की अँपला वाटतं स्पीकरच नाही.