पन्नास हजारांचं अनुदान: देणाऱ्यांसाठी सावधगिरीच्या सूचना

नवी मुंबई-ठाण्याकडे तुर्भे स्टोअरला, दिव्यात किंवा दिघ्याच्या डोंगरउतारावर चार बायका एक खोली घेऊन वस्तीतल्या पोरांची अभ्यासिका चालवत असतात, आणि तुमच्या कंपनीच्या समाजकार्याच्या, म्हणजे सीएसआरच्या, खात्यात पन्नास हजार रुपये पडून असतात. परिस्थिती धोक्याची आहे. या दोघांची सरळ गाठ पडली तर पैसे एका दुपारीत पोचतील आणि तुमच्या निवड समितीला वर्षभर चहा प्यायलाही निमित्त उरणार नाही. तेव्हा पुढच्या सूचना नीट वाचा.

जाहिरात फेब्रुवारीत द्या. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ज्या कंपन्यांची निव्वळ मालमत्ता निदान ५०० कोटी, उलाढाल निदान १,००० कोटी किंवा निव्वळ नफा निदान ५ कोटी आहे, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. बहुवर्षीय प्रकल्पाचे नसलेले पैसे उरले, तर वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत ते पंतप्रधान मदत निधीसारख्या ठरलेल्या निधीत भरायचे असतात. हे सगळं एप्रिलपासून ठाऊक असतं. तरीही महाप्यापासून रबाळ्यापर्यंतच्या कंपन्यांत कुणाला जानेवारीच्या आत जाग आली, तर तो उतावीळपणा समजावा. अर्जाला दहा दिवस द्या आणि खर्च ३१ मार्चच्या आत संपवायची अट घाला. अभ्यासिकेला पैसे लागतात जूनमध्ये, पण जूनमध्ये तुमची समिती मागच्या वर्षाचा अहवाल छापत असते.

अर्ज इंग्रजीत हवा, ऑनलाइन हवा, आणि मधेच लॉगआउट होणारा हवा. त्यात ‘नावीन्य’ हा रकाना ठेवाच. पोरांना संध्याकाळी दोन तास उजेड, बसायला जागा आणि अडलं तर सांगणारी ताई मिळते, यात नावीन्य काहीच नाही, त्यामुळे तीस गुण तिथेच वाचतात. त्याखाली ‘शाश्वतता’: अनुदान संपल्यावर प्रकल्प स्वतःच्या पायावर कसा उभा राहील? पाम बीच रोडच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या मुलांची अभ्यासिका अकरा महिन्यांत नफ्यात कशी येईल, हे तीनशे शब्दांत लिहायला लावा. ज्यांना लिहिता येईल त्यांना अभ्यासिका चालवायला वेळ नसतो आणि ज्या चालवतात त्यांना लिहिता येत नाही. चाळणी आपोआप लागते.

आता कागदपत्रं. इथे घाई करू नका, खरी गंमत इथेच आहे.

सीएसआरचा पैसा संस्थेमार्फत द्यायचा तर त्या संस्थेकडे १२ए, ८०जी (या आयकर खात्याकडच्या नोंदण्या) आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या नोंदणीचा, म्हणजे सीएसआर-१ चा, क्रमांक लागतो, शिवाय तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. एवढ्यातच निम्म्या बायका घरी जातात. उरलेल्यांकडे धर्मादाय आयुक्तांकडचं शेड्यूल वन, म्हणजे नोंदवहीतला विश्वस्तांच्या नावांचा उतारा, मागा, आणि ‘अद्ययावत’ या शब्दाखाली रेघ मारा. संस्थेचे अध्यक्ष वारले, खजिनदार बदलापूरला राहायला गेल्या, नवे विश्वस्त आले, की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. संस्था तो देतेही. पण त्यावर आदेश होईपर्यंत नोंदवहीत जुनीच नावं राहतात, आणि आदेशाला किती काळ लागेल हे अर्जदाराच्या हातात नसतं. म्हणजे संस्थेचं काम करणारी माणसं कागदावर नाहीत आणि कागदावरची माणसं हयात नाहीत. अनुभवी देणगीदार अशा वेळी बदल अर्जाची पोच आणि विश्वस्तांचा ठराव पाहून पुढे जातो. तुम्ही तसं करू नका. दिवंगत अध्यक्षांची सही मागा.

मग नावाची स्पेलिंगं जुळवा. ‘बहुउद्देशीय’ या शब्दात पॅन कार्डावर दोन यू असतात, बँकेच्या पासबुकात एक, आणि स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या दर्पण पोर्टलवर ज्या सायबर कॅफेवाल्याने फॉर्म भरला त्याच्या मनाला येईल तेवढे. करारनामा ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर घ्या. ऑक्टोबर २०२४ पर्यंत शंभरात भागायचं, आता पाचशे लागतात, आणि ते अर्थातच अर्जदाराने भरायचे.

परदेशातून आलेला पैसा असेल तर तुमचं काम आणखी हलकं. मोठ्या संस्थेने एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचा, निधी घेऊन तो वस्तीतल्या छोट्या गटांना थोडा थोडा वाटायचा, ही सोय २०२० च्या दुरुस्तीने बंदच झाली. स्वतः घ्यायचा तर दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत खातं हवं. दिव्याहून सकाळची लोकल पकडणं जमत नाही, तिथे दिल्लीचं कोण बघतो.

अंदाजपत्रकात मात्र अर्जदार फार चलाखी करतात, म्हणजे खरं लिहितात. समजा, आकडे असे आले: खोलीभाडं महिना ४,००० प्रमाणे आठ महिने ३२,०००, ताईचं मानधन महिना १,५०० प्रमाणे १२,०००, वीज, खडू, वह्या मिळून ६,०००. बेरीज बरोबर पन्नास हजार. हे लगेच खोडा. भाडं, मानधन, वीज हे ‘आवर्ती खर्च’, ते आपण देत नाही. कुणी विचारलं तर ५ टक्क्यांच्या नियमाकडे बोट दाखवा. नियमातली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे आणि मुलांना शिकवणाऱ्या ताईचं मानधन हा सरळ प्रकल्पाचाच खर्च धरता येतो, पण नियम उघडून वाचणारी माणसं समितीवर घेऊ नयेत. भाड्याऐवजी वीस खुर्च्या, एक प्रोजेक्टर, कंपनीचा लोगो छापलेले टी-शर्ट आणि फ्लेक्स मंजूर करा. खोली सुटल्यावर प्रोजेक्टर कुणाच्या तरी पोटमाळ्यावर जाईल आणि खुर्च्या गणपतीत मंडळाला लागतील. वस्तूंचा फोटो निघतो. दिलेल्या भाड्याचा निघत नाही.

तीन दरपत्रकांची अट तीन हजारांच्या फळ्यालाही लावा. दुकानदार हुशार असतो, तिन्ही दरपत्रकं तोच देतो, आपल्या एका आणि मेव्हण्याच्या दोन लेटरहेडवर. हे तुम्हालाही माहीत, त्यालाही माहीत, ऑडिटरलाही माहीत. बिल जीएसटीचंच हवं, हा आग्रह धरा. माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, म्हणून वस्तीतला सुतार जीएसटीचं बिल देऊच शकत नाही. मग तोच फळा वाशीहून जास्त पैसे देऊन आणावा लागतो, वर टेम्पोचं भाडं. त्या भाड्याला पावती नसते, म्हणून ते नामंजूर.

पैसे एकरकमी देऊ नका. पन्नास, तीस आणि वीस टक्के असे हप्ते पाडा. शेवटचे दहा हजार उपयोगिता प्रमाणपत्र आल्यावर, म्हणजे संस्थेने ते आधी खर्च केल्यावर. ते प्रमाणपत्र सीएचं, यूडीआयएन या पडताळणी क्रमांकासह हवं. सीएची फी कोणत्याच मंजूर शीर्षात बसत नाही याची खात्री आधीच करून घ्या. बायका ते दहा हजार बचत गटातून महिना शेकडा दोनने उचलतात. तुमची फाइल पाच महिने फिरली तर हजार रुपये व्याज. थोडक्यात, तुर्भ्याच्या बचत गटाने तुमच्या कंपनीला बिनतारण कर्ज दिलेलं असतं, आणि तेही वेळेवर फेडायची घाई नसलेल्या कर्जदाराला.

या बाबतीत सरकारचं अनुकरण नको. नागरी उपजीविका अभियानात बचत गटाला १०,००० रुपयांचा फिरता निधी देताना पंचसूत्री बघत: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नीट ठेवलेल्या वह्या. गट आधीपासून जे करतो तेच तपासायचं, म्हणजे वेगळा अर्ज रंगवायची गरजच कमी. असल्या सोपेपणाने सल्लागारांच्या पोटावर पाय येतो.

पाहणीला मंगळवारी सकाळी अकराला जा. पोरं शाळेत असतील, बायका कामावर. मग ‘लाभार्थी अनुपस्थित’ असा शेरा मारता येतो. आधी कळवून गेलात तर त्या दिवसाचा खाडा करून थांबतील, नाश्ताही आणतील, त्याचं बिल मागू नका. धनादेश-वाटप वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात ठेवा. पुठ्ठ्याचा चेक, शाल, श्रीफळ, निवेदक आणि फोटोग्राफर यांच्यावर अनुदानापेक्षा जास्त खर्च झाला तरच कार्यक्रम उठून दिसतो.

एखादी बाई एकटीच कळव्यात मुलींना शिलाई शिकवत असेल तर तिला ‘व्यक्ती’ म्हणून परत पाठवा. धर्मादाय ट्रस्टला आपल्या उद्देशात बसत असेल तर ठराव करून आणि पावती घेऊन व्यक्तीलाही मदत देता येते. तुमच्याकडे ट्रस्ट असेल तर हा ठराव कुणी मांडू नये एवढं पाहा.

दुसऱ्या वर्षी तीच अभ्यासिका पुन्हा आली तर ‘पुनरावृत्ती’ म्हणून नाकारा. तिसऱ्या वर्षी ती ‘लर्निंग हब’ नावाने आली तर विचार करा.

शेवटचा धोका घरातलाच. समितीत कधीतरी एखादा नवा, अकाउंट्समधला मुलगा येतो आणि विचारतो, सीएसआरच्या नियमात कंपनीने स्वतः थेट काम करायलाही परवानगी आहे, मग आपणच घरमालकाशी करार करून दरमहा भाडं त्याच्या खात्यावर का भरू नये? ताईंचं मानधनही तसंच. ना सीएसआर-१, ना शेड्यूल वन. त्याचं म्हणणं नियमाला धरून आहे, त्यामुळे वाद घालत बसू नका. पुढच्या बैठकीची वेळ त्याला तासभर उशिराची कळवा.